बापाचं घराणं, आईनं दिलेली नावं : चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर कशा झाल्या?

हिराबाई बडोदेकर म्हटलं की किराणा घराणं आठवतं, पुणं आठवतं. पण हे नाव काही त्यांच्या बारशाचं नव्हतं. मे १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं चंपाकली.

वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, बडोद्याच्या दरबारातले गवई. आई ताराबाई माने तिथल्याच एका सरदार घराण्यातल्या. दोघांनी पळून जाऊन संसार थाटला. पाच मुलं झाली आणि मुलांची नावंही या संसारासारखीच, दोन्हीकडची. थोरला अब्दुल रहमान, मग कृष्णराव, चंपाकली, गुलाब आणि धाकटी सकीना.

१९२२ च्या सुमारास हा संसार मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई, गुलाबच्या कमलाबाई, सकीनाच्या सरस्वतीबाई. तेव्हा हिराबाई होत्या १७ वर्षांच्या. म्हणजे नाव अंगवळणी पडून गेल्यावरचा हा बदल.

आडनावाची गोष्ट आणखी गमतीची. भावांनी आईचं माने लावलं. हिराबाईंच्या नावापुढे मात्र ना खान लागलं, ना माने. लागलं ते गावाचं नाव, बडोदेकर. आईबाप जिथून पळाले, तेच गाव. सरस्वतीबाई पुढे सासरच्या नावाने राणे म्हणून ओळखल्या गेल्या. एकाच घरातली सख्खी भावंडं, तीन आडनावं. आजही अनेकांना ही भावंडं आहेत हे ऐकून धक्का बसतो.

नाव बदललं, गाणं बदललं नाही. हिराबाईंनी तालीम घेतली ती किराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे. संथ आलापी, सुराचा लगाव, सगळं वडिलांच्याच घराण्याचं. बालगंधर्व स्त्रीभूमिका गाजवत होते त्या काळात त्या भावंडांसोबत संगीत नाटकात उतरल्या. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. गाणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेनं बघायचा तेव्हा. अशा मैफलीत पांढरपेशी घरंही आपल्या लेकीबाळींना घेऊन येऊ लागली, यात नावाचा वाटा किती आणि हिराबाईंच्या साध्या, शांत बैठकीचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले, पण प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या घडवून. हिराबाईंना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं ते बडोदेकर याच नावाने. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.