बॅरिस्टर आंबेडकर : सहा वर्षांची वाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत १९१६ मध्ये नाव नोंदविले. बॅरिस्टर ही पदवी त्यांच्या हाती आली ती जून १९२२ मध्ये. साधारणतः तीन वर्षांत पुरे होणारे हे शिक्षण जवळजवळ सहा वर्षे लांबले. अभ्यासात ते कोठेही कमी पडले नव्हते. अडचण पैशाची होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम. ए. होऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी आरंभिला.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार 'इन'पैकी एकीचे सदस्य व्हावे लागे. परीक्षांबरोबरच वर्षाला चार याप्रमाणे बारा सत्रे भरावी लागत आणि प्रत्येक सत्रात संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा हजर राहावे लागे. त्यामुळे घरी पुस्तके वाचून ही पदवी मिळणे शक्य नव्हते. शुल्काइतकाच लंडनमधील वास्तव्याचा खर्चही विद्यार्थ्याला पेलावा लागे.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्यतेमुळे राहावयास जागा मिळेना. अखेर ते मुंबईस आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर ते प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे पाच हजार रुपयांचे कर्ज यांची त्यात भर पडली. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या.

एप्रिल १९२३ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेथेही भथेनाच मदतीस आले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिलीस प्रारंभ केला. बॅरिस्टरला मोठे काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम सोपविण्यास ते सहसा तयार नसत. घरखर्च भागविण्यासाठी त्यांना १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्राच्या संस्थेत अध्यापन करावे लागले. १९२६ मध्ये पुण्यातील एका गाजलेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील पुढाऱ्यांची बाजू यशस्वीपणे मांडली आणि त्यांचा लौकिक वाढला.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या शिक्षणासाठी त्यांना कर्ज काढावे लागले, तेच पुढे देशाच्या राज्यघटनेच्या कामी आले.