गदिमा : आपल्या शेजारच्या मुलखातला माणूस

ग. दि. माडगूळकर मॅट्रिकला नापास झाले होते. गणित आडवे आले. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले तेव्हा मला आधी हीच गोष्ट आठवली. आपल्या बॅचमध्ये गणिताने अडवलेले निदान आठ-दहा जण आहेत आणि त्यातलेच बरेचसे आज या मेळाव्याच्या मांडवाचा आणि जेवणाचा खर्च उचलत आहेत. गणिताच्या सरांनी राग मानू नये.

गदिमा मी मागून घेतले, त्याला आणखी एक कारण आहे. शाळेच्या नव्या भिंतीवर आपल्या बॅचतर्फे चित्र काढायचे ठरले आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून काम माझ्याकडे आले. काय काढायचे यावरून ग्रुपवर दोन आठवडे वाद चालला. कोणी किल्ला सुचवला, कोणी महाराज, कोणी सिद्धेश्वराचे तळे. आपण कुंभारीचेच काही काढू, असे मी म्हटले, तर बहुतेकांचे म्हणणे पडले की कुंभारीला इतिहासच कुठे आहे. अक्कलकोट रस्त्यावरचे एक गाव, ना गढी ना संत. २००६ साली विडी कामगार बायकांची दहा हजार घरकुले इथे उभी राहिली आणि गोदूताई परुळेकरांचे नाव वसाहतीला मिळाले, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला कोणी इतिहास मानत नाही. माझी आई त्या दहा हजारांतली एक. घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी, अशी मी पाचवीत तुमच्या वर्गात आले. तेव्हा हा वाद माझ्यासाठी नुसत्या भिंतीचा नव्हता. त्या दिवसांत मी गदिमा पुन्हा वाचायला घेतले, आणि लक्षात आले की या माणसाने आयुष्यभर आपल्या आसपासच्या, नकाशावर शोधाव्या लागणाऱ्या गावांतूनच माल उचलला.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आटपाडीजवळच्या शेटफळे गावचा. मूळ गाव माडगुळे. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे, पण माणसांच्या बोलण्यात तो माणदेश. सांगोल्याच्या पलीकडे गेलात की लागतो. पाऊस कमी, मेंढरे जास्त. त्यांच्या जन्माची एक गोष्ट सांगितली जाते. बाळ रडेना, हालेना, म्हणून ते गेलेच असे धरून पुरण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात सुईणीने बेंबीला निखारा लावून पाहिला आणि बाळाने टाहो फोडला. वडील औंध संस्थानात कारकुनी करणारे, त्यामुळे बदली होईल तसे घर हलायचे. खाणारी तोंडे बरीच आणि पगार थोडा. आई बनुताई खंबीर होत्या. गजाननाचे शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध असे तीन ठिकाणी झाले.

औंधाबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. संस्थान लहान आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी मात्र वेगळेच गृहस्थ होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे हेच. स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे, आणि १९१६ साली स्वतः काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण त्यांनी छापले. औंधच्या टेकडीवर १९३८ साली वस्तुसंग्रहालय उभारले. ते अजून पाहता येते आणि चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावे असे आहे. ज्या राजाने चित्रांचे रामायण केले त्याच्याच संस्थानातल्या कारकुनाच्या मुलाने पुढे गीतांचे रामायण लिहिले, याची मला मोठी गंमत वाटते.

मॅट्रिक हुकल्यावर घरी बसणे परवडणारे नव्हते. गदिमा कोल्हापूरला गेले आणि मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये शिरले. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी छोटे काम केले. काही काळ ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. खांडेकर सांगणार आणि हे उतरवून घेणार. कॉलेजात न गेलेल्या माणसाचे हेच कॉलेज झाले असावे. रोज एका चांगल्या लेखकाचे वाक्य मनात कसे तयार होते ते इतक्या जवळून कोणाला पाहायला मिळते? पुढे नवयुगमध्ये के. नारायण काळे यांच्या हाताखाली त्यांनी दिग्दर्शनाचे काम शिकून घेतले.

गीतकार म्हणून त्यांचे नाव झाले ते १९४२ साली, 'भक्त दामाजी' आणि 'पहिला पाळणा' या चित्रपटांमुळे. दामाजी म्हणजे आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत. बिदरच्या बादशहाचे अंमलदार असताना दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने जाऊन रक्कम भरली, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणजे तेविशीत गदिमांच्या वाट्याला आलेला विषय सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा होता. माणदेशात वाढलेल्या माणसाला दुष्काळ आणि धान्याचे कोठार म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बेचाळीसच्या चळवळीत कुंडल हे पत्री सरकारचे मोठे केंद्र होते. कुंडलच्या त्या मंडळींसाठी गदिमांनी पोवाडेही लिहिले.

आता राम जोशी. सोलापूरकरांसाठी खरा विषय हा. १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' आला. कथा, संवाद आणि गीते गदिमांची, संगीत वसंत देसाईंचे, दिग्दर्शनाला व्ही. शांताराम यांच्याबरोबर बाबुराव पेंटर यांचे नाव. जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसा वाडकर बया. गदिमा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

हाताशी सामग्री किती होती? राम जोशी उत्तर पेशवाईतले, सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घरातले. थोरले बंधू मुद्गल जोशी नावाजलेले पुराणिक. धाकट्याचे पाय मात्र तमाशाकडे वळणारे. परंपरा सांगते ते असे : धोंडी शाहिराच्या फडाची गोडी लागली, भावाने घराबाहेर काढले, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, कीर्तने केली, आणि अखेर डफ-तुणतुण्याकडे परतले. बारामतीचे मोरोपंत आणि हा लावणीकार यांना एकमेकांविषयी आदर होता असेही सांगतात. बाकी उरल्या त्या त्यांच्या लावण्या. संस्कृत आणि बोलभाषा एकाच पंगतीला बसवणाऱ्या, ऐकताना जीभ अडखळेल अशा चालीच्या.

एवढ्यावर गदिमांनी पूर्ण माणूस उभा केला. चित्रपटातले सगळे प्रसंग घडलेच असतील असे कोणी धरू नये. कागदपत्रे तपासणारे अभ्यासक त्यातले बरेच बाजूला काढतील, आणि ते बरोबरच आहे. पण मूळ पेच त्यांनी बरोबर धरला : घराची विद्या एकीकडे, लोकांचा फड दुसरीकडे, आणि दोन्ही सोडवत नाहीत. राम जोशींच्या मूळ रचनांशेजारी स्वतःची गीते ठेवायची, तीही ऐकणाऱ्याला जोड दिसू न देता, हे काम किती अवघड ते जुन्या भिंतीवरचे चित्र दुरुस्त करणाऱ्याला विचारा. मी एकदा एका देवळात ते केले आहे. रंग जुळतो, पण हात जुळत नाही. गदिमांचा हात जुळला. चित्रपट प्रचंड चालला, मराठीत तमाशापटांची रांग लागली, आणि सोलापूरच्या गल्लीतला एक शाहीर सव्वाशेहून अधिक वर्षांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

दुसरी गोष्ट तर त्यांच्या अगदी अंगणातली. १९३९ साली औंधच्या राजांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच वर्षी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. हा तुरुंग होता, पण भिंत नसलेला. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तिथे मोकळ्यावर राहायचे, जमीन कसायचे, बायकामुलांना सोबत ठेवायचे. पळून जायला चारी दिशा मोकळ्या होत्या. शेजारच्या गावांना सुरुवातीला काय वाटले असेल याची कल्पना करा. आपल्या गावाजवळ असे काही निघाले असते तर आपणच आधी मोर्चा काढला असता.

याच स्वतंत्रपुरावरून गदिमांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. चित्रपट १९५७ चा, पुन्हा शांताराम, पुन्हा वसंत देसाई. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. भरत व्यासांनी त्यासाठी लिहिलेली प्रार्थना आपण परिपाठाला रांगेत उभे राहून म्हणत होतो. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होते की तिचे मूळ सांगोल्यापलीकडच्या एका माळावर आहे? मला तरी शाळा सोडेपर्यंत कोणी सांगितले नाही.

इथे त्यांनी काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. खऱ्या वसाहतीत कुटुंबे होती. दिवसामागून दिवस शेतीच चालायची. पडद्यावर चालेल असे त्यात थोडेच. गदिमांनी कैदी सहाच ठेवले, त्यांच्यावर एक तरुण जेलर, आणि खेळणी विकत हिंडणारी एक मुलगी. शेवटी बैलाशी झुंज घातली. बातमीतली नावनिशाणी गेली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला : दार उघडे असताना माणूस पळून का जात नाही? माझ्या मते बैलाची झुंज जरा जास्तच झाली आहे. पण बाजारात भाजी विकायला बसलेले ते सहा जण अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून आणखी एक नोंद. 'आकाशाची फळे' ही गदिमांची १९६० ची कादंबरी कुंभाराच्या घरातली आहे. लेकरे वाढत जातात आणि चाकावरच्या मिळकतीत घर भागत नाही. तिच्यावरून १९६१ मध्ये 'प्रपंच' निघाला. त्यात विठ्ठलालाच कुंभार ठरवून लिहिलेले त्यांचे गाणे, सुधीर फडक्यांच्या चालीत, आपण सगळ्यांनी ऐकले आहे. एस.टी.च्या स्टँडवरसुद्धा लागायचे. ते भक्तीचे आहे असे आपण धरतो, पण नीट ऐकले तर त्यात तक्रार आहे.

बाकीचे थोडक्यात सांगते, कारण ते सर्वांना पाठ आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली, चाली सुधीर फडक्यांच्या. मराठी चित्रपट दीडशेच्या वर. १९६२ पासून बारा वर्षे विधान परिषदेचे सदस्य. १९६९ ला पद्मश्री. १९७३ ला यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मॅट्रिक नापास माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, हे आपल्या मागच्या बाकावरच्या मंडळींनी घरी मुलांना सांगायला हरकत नाही. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री सांगू नये.

पुण्यात 'पंचवटी' बंगला झाला, तरी ते माडगुळ्याला जात राहिले. तिथल्या शेतात 'बामणाचा पत्रा' म्हणून ओळखले जाणारे साधे घर होते, तिथे बसून ते लिहीत. धाकटे बंधू व्यंकटेश यांनीही त्याच मातीतून 'बनगरवाडी' काढली. एका घरातल्या दोघांना तोच माळ पुरला, आणि दोघांचे लिहिणे एकमेकांसारखे मुळीच नाही. १४ डिसेंबर १९७७ ला गदिमा पुण्यात गेले. वय अठ्ठावन्न.

भिंतीचे सांगायचे तर मी कच्चे चित्र करून समितीला दिले आहे. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने, कात्री आणि पत्र्याचा साचा, मागे एकसारख्या घरांच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात कुंभाराचे चाक. महाराज नाहीत म्हणून काही जण नाराज आहेत. त्यांचे म्हणणे मेळाव्यात ऐकून घेऊ. ज्यांच्या घरी घरकुलाच्या वेळचे फोटो किंवा कागद असतील त्यांनी ते आणावेत. ज्यांच्या आई-आजी अजून विड्या वळतात त्यांनी त्यांनाच घेऊन यावे. सुपातला हात कसा धरायचा ते मला अजून नीट जमत नाही, आणि आईचा हात आता थरथरतो.

मेळाव्यानंतरच्या रविवारी एक गाडी करावी असा विचार आहे. सोलापूरहून मंगळवेढ्याला दामाजीपंतांचे देऊळ, तिथून सांगोल्यावरून आटपाडी, मग शेटफळे आणि माडगुळे. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही चालू आहे. रीतसर परवानगी मिळाली तर तीही बघू. येणाऱ्यांनी नावे मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्यावीत. डबा ज्याचा त्याने आणायचा आहे. सरांची आणि बाईंची जागा पुढच्या सीटवर धरलेली आहे.