अभियंता ए. ललिता : मुलीसाठी निवडलेली वाट

भारतातील पहिल्या महिला अभियंता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ए. ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रास येथील एका तेलुगू कुटुंबात झाला. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. घरातील मुलगे अभियंते झाले. मुलींचे शिक्षण मात्र प्राथमिक स्तरापुरतेच मर्यादित राहण्याची तेव्हाची रीत होती. पंधराव्या वर्षी ललिता यांचा विवाह झाला. त्यानंतरही वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले.

१९३७ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले. पदरी चार महिन्यांची मुलगी होती. विधवेने मुंडन करून घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठावे, अशी प्रथा त्या काळी अनेक कुटुंबांत पाळली जात असे. ललिता यांनी ती नाकारून स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निश्चय केला आणि क्वीन मेरी महाविद्यालयातून इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण केली.

त्यानंतर शाखा निवडण्याचा प्रश्न पुढे आला. शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांचा कल तेव्हा वैद्यकीय शाखेकडे असे. परंतु डॉक्टरला रात्री-अपरात्री घराबाहेर पडावे लागते आणि मुलीला एकटे सोडणे ललिता यांना मान्य नव्हते. ठरावीक वेळेची नोकरी मिळवून देणारे शिक्षण त्यांना हवे होते. वडील व भावांमुळे अभियांत्रिकी हा विषय घरात परिचयाचाच होता.

मात्र, १७९४ मध्ये सर्वेक्षण शाळा म्हणून सुरू झालेल्या गिंडीच्या संस्थेत तोवर एकही विद्यार्थिनी नव्हती. सुब्बाराव यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला. शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांची संमती मिळाली आणि १९४० मध्ये ललिता यांना प्रवेश देण्यात आला. पुढे पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोन विद्यार्थिनी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. पदवीच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्यासाठी छापलेले इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम खोडून तेथे स्त्रीलिंगी सर्वनाम हाताने लिहावे लागले.

जमालपूरच्या रेल्वे कार्यशाळेत प्रात्यक्षिक प्रशिक्षण घेतल्यानंतर ललिता यांनी सिमला येथील केंद्रीय मानक संघटनेत काम केले. काही काळ त्या वडिलांच्या संशोधनकार्यात सहभागी झाल्या. १९४८ मध्ये त्या कोलकात्यातील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रुजू झाल्या. वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांची रचना हे त्यांचे क्षेत्र होते. भाक्रा नांगल प्रकल्पाच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या महिला अभियंता व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित राहिल्या.

ललिता यांनी पुनर्विवाह केला नाही. ज्या मुलीसाठी त्यांनी ही शाखा निवडली, तिचे संगोपन व शिक्षण त्यांनी याच नोकरीच्या आधारावर पूर्ण केले. १९७९ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.