हॅरिएट पॉवर्स
हॅरिएट पॉवर्स (२९ ऑक्टोबर, १८३७ - १ जानेवारी, १९१०) या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय गोधडी-कलावंत होत्या. त्यांचा जन्म अथेन्स शहराजवळ गुलामगिरीत झाला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या या कुटुंबाने पुढे चार एकर जमीन घेतली.

महाराष्ट्रातील वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर दोरा घालून सांधतात; पॉवर्स मात्र कापडातून माणसे, पशू व तारे कातरून गोधडीवर शिवीत आणि चौकटीचौकटीतून कथा सांगत. त्यांची ११ चौकटींची 'बायबल गोधडी' १८८६ मध्ये अथेन्सच्या कापूस जत्रेत मांडली गेली. तेथे चित्रकला शिक्षिका जेनी स्मिथ यांनी ती विकत मागितली. पॉवर्स यांनी साफ नकार दिला. पुढे ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी स्वतःच ती देऊ केली. मागितले १० डॉलर, मिळाले ५. विकताना त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ समजावून दिला, आणि नंतरही ती गोधडी पाहण्यासाठी त्या स्मिथ यांच्याकडे जात. स्मिथ यांनी तो अर्थ लिहून ठेवला, म्हणूनच ही चित्रे आज उलगडतात. ही गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे.

१५ चौकटींची दुसरी गोधडी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीत बायबलमधील प्रसंगांबरोबर १८३३ चा उल्कावर्षावही आहे. तो त्यांच्या जन्मापूर्वीचा, अर्थात ऐकीव.

पॉवर्स निरक्षर होत्या, असा समज दीर्घकाळ रूढ होता. त्यांच्या १८९६ मधील पत्राची नक्कल उजेडात आल्यावर तो खोटा ठरला. त्यांना वाचता येत होते, आणि त्यांनी किमान चार गोधड्या केल्या होत्या. आज दोनच ज्ञात आहेत.