गामा पैलवान

हिंदुस्थानच्या मल्लविद्येची कीर्ती सातासमुद्रांपार नेणाऱ्या गामाचा जन्म १८७८ साली अमृतसर येथे झाला. घराणे पैलवानांचे, परंतु पित्याचे छत्र बालपणीच हरपले. तरीही गामाने तालीम सोडली नाही. १८८८ साली जोधपूरला बैठकांची मोठी स्पर्धा भरली. तीत तो शेवटच्या पंधरा मल्लांत टिकून राहिला. त्याचे कोवळे वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले.

दूध, तूप आणि बदाम हा पुढे त्याचा खुराक झाला. गामाचे बळ तुपातच आहे, असे अनेकांना वाटे. परंतु तूप हे केवळ इंधन होय. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच स्निग्ध पदार्थातून ९. ही ऊर्जा श्रमात खर्च झाली नाही, तर अंगावर मेद चढतो. गामा मात्र जोर, बैठका आणि कुस्त्या यांत नित्य घाम गाळी. बडोद्याच्या संग्रहालयात सुमारे १२०० किलो वजनाचा धोंडा आहे. तो गामाने १९०२ साली उचलल्याचे त्यावर कोरलेले आहे.

१९१० साली लंडनमध्ये, उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेश मिळेना. त्याने जाहीर आव्हान दिले. बलाढ्य झिबिस्कोशी त्याची कुस्ती सुमारे तीन तास चालून बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळात, पन्नाशीच्या गामाने त्याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले.

१९६० साली लाहोरला गामाचे निधन झाले. खुराक कोणालाही घेता येतो. त्याचे बळ करण्यास मात्र गामासारखे कष्टच लागतात.