यकृतविज्ञानाच्या अध्वर्यू : डॉ. शीला शेरलॉक

कावीळ हा शब्द ज्या घरात कधी ऐकला गेला नाही असे घर क्वचितच सापडेल. रोग्याचे डोळे पिवळे झालेले सर्वांना दिसतात. पण त्या वेळी यकृतात नेमके काय घडत असते, हे १९४० च्या सुमारास डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नसे. मृत्यूनंतर यकृताच्या पेशी झपाट्याने नासतात. त्यामुळे शवविच्छेदनातून मिळणारे उत्तर अपुरे असे. हे कोडे उलगडण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या डॉ. शीला शेरलॉक होत.

त्यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिन येथे झाला. शिक्षण इंग्लंडमधील केंट परगण्यात झाले. त्या काळी इंग्लंडमधील वैद्यकीय विद्यालयांत मुलींना प्रवेश मिळणे दुरापास्त होते. तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठ गाठले आणि १९४१ मध्ये पहिल्या क्रमांकाने पदवी मिळविली.

पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखाली त्यांचे संशोधन सुरू झाले. महायुद्धामुळे सैनिकांतील कावीळ हा तातडीचा प्रश्न बनला होता. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून जिवंत रोग्याच्या यकृताचा बारीकसा तुकडा काढावयाचा व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, ही पद्धत रक्तस्रावाच्या भीतीने फारसे कोणी वापरीत नसे. त्यांनी ती काळजीपूर्वक वापरली. पित्तनलिकेत श्लेष्माचा बोळा अडकल्याने साथीची कावीळ होते, अशी जुनी समजूत होती. दाह खुद्द यकृतालाच झालेला असतो, हे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने दाखवून दिले.

यकृताच्या रोग्याला येणारी बेशुद्धी हा त्यांचा पुढचा विषय. आतड्यात तयार होणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोचतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यावरून उपचारांची दिशा मिळाली. १९५५ मध्ये यकृत व पित्तमार्गाच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ निघाला आणि जगभर पाठ्यपुस्तक ठरला.

१९५९ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या विद्यालयात त्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये हे पद मिळविणारी ही पहिलीच स्त्री. हे विद्यालय मुळात स्त्रियांसाठीच निघालेले होते, हाही एक योगायोग! १९८३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. अभ्यास मात्र थांबला नाही. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना २००१ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी लाभले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

प्रवेश नाकारणाऱ्यांशी वाद घालीत त्या बसल्या नाहीत. जेथे दार उघडे दिसले तेथे गेल्या आणि कामाला लागल्या. आज यकृताचा तुकडा तपासून निदान करणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. तिच्यामागे या बाईंचे श्रम आहेत.