रविवार आपल्याला कोणामुळे मिळाला?



आज रविवार. शाळा बंद, बँक बंद, कचेरी बंद. आपण घरचे आवरून मिस्साला आलो, आता थोडा वेळ एकमेकांची विचारपूस करू आणि दुपारी कुटुंबासोबत जेवू. हा दिवस आपल्याला इतका सवयीचा झाला आहे, की तो कोणीतरी झगडून मिळवला असेल असे मनातही येत नाही. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मागावा लागला आणि त्यासाठी एका माणसाने अनेक वर्षे खर्ची घातली. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब माळी कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. आधी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. पगार बरा होता, खुर्ची होती. मनात आणले असते तर त्या खुर्चीवर बसून त्यांना सुखाने संसार करता आला असता. पण त्या खुर्चीवरून त्यांना गिरणीचे खाते रोज दिसत होते.

काय दिसत होते? गिरणी सूर्य उगवला की सुरू व्हायची आणि मावळला की थांबायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचे. कापसाची धूळ नाकातोंडात जायची. पगार वेळेवर नसे, बारीकसारीक चुकीला दंड कापला जाई. यंत्रात हात सापडला तर तो माणूस घरी आणि त्याचे नशीब त्याच्याबरोबर. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, आणि रविवारी यंत्रे पुसायला बोलावले जाई. १८८१ साली सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला, पण तो लहान मुलांपुरताच होता. सात वर्षांच्या पोरालाही नऊ तास राबवायची त्यात मुभा होती. मोठ्या माणसांबद्दल व बायकांबद्दल त्यात काहीच नव्हते.

लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते आणि मुंबईत सत्यशोधक समाजाचे काम पाहत. १८८० साली त्यांनी नोकरी सोडली आणि बंद पडलेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवायला घेतले. शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे दुःख त्यात छापून येऊ लागले.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. भारतातील कामगार संघटनेची ही सुरुवात मानली जाते. तिच्याजवळ वर्गणी नव्हती, कार्यालय नव्हते, पावतीपुस्तकही नव्हते. मागण्या मात्र स्पष्ट होत्या. आठवड्यातून रविवारची एक सुट्टी द्यावी. दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झालेल्याची सोय व्हावी. सुमारे ५,५०० कामगारांनी या अर्जाला संमती दिली. यातली कोणती मागणी अवाजवी होती, हे वाचकांनीच सांगावे. तरीही सहा वर्षे गेली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी व दुपारची विश्रांती आली, बायकांसाठी अकरा तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली.

त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला कुटुंब चालेल एवढे वेतन मिळावे, विश्रांती मिळावी आणि संघटना करण्याचा त्याला हक्क आहे, असे त्यात शिकविले आहे. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. त्यांना हे परिपत्रक माहीत असण्याचेही कारण नाही. पण सत्य एकच असले, की ते परळच्या मैदानात आणि रोममध्येही उगवते. माणूस हे कोणाच्या नफ्याचे साधन नाही, हे ते सत्य.

लोखंडे यांचे मन गिरणीच्या दारापाशी थांबले नाही. विधवांचे केस कापायचे नाहीत, यासाठी त्यांनी मुंबईच्या नाभिक बांधवांना एकत्र आणले. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा दोन्ही समाजांच्या कामगारांना जवळ आणण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा भरवली. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. पुढच्या वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्यांना जमले ते शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पन्नाशीही झाली नव्हती. टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले.

आता आपल्या मुरुडकडे पाहू या. दिवाळी आली की आपल्या मराठवाड्यातील कितीतरी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जातात. पहाटे अंधारात फडात जायचे, रात्री-बेरात्री गाडी भरायची. आजारपणाने एक दिवस गेला तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. लोखंडे यांनी मागितलेला रविवार या फडात अजून पोहोचलेला नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आमचीही एक गोष्ट सांगतो. मागे आवाराची भिंत बांधताना पाऊस तोंडावर आला, म्हणून आम्ही गवंड्याला आणि त्याच्या दोन बिगाऱ्यांना रविवारी सकाळी कामावर बोलावले. आत आम्ही मिस्सा अर्पण करीत होतो आणि बाहेर थापीचा आवाज येत होता. त्या दिवशी आम्हाला विश्रांतीवर प्रवचन देताना काही वाटले नाही. आज वाटते. शब्बाथाच्या आज्ञेत देवाने घरच्या दास-दासींचा आणि बैलाचाही विचार केला आहे. आम्ही मात्र गवंड्याला विसरलो.

आपल्यापैकी कोणी दुकानात माणूस ठेवला आहे, कोणाच्या शेतात गडी आहे, कोणाकडे धुणीभांडी करणारी बाई येते. हातावर पोट असलेल्याला नुसती सुट्टी दिली, तर त्या दिवशी त्याची चूल पेटत नाही. म्हणून सुट्टी पगारी असावी आणि ठरलेला पगार ठरलेल्या दिवशी हातात पडावा. या आठवड्यात त्यांना एकदा विचारा, ताई, दादा, तुमचा रविवार कोणता? आम्हीही आमच्या गवंड्याला विचारणार आहोत.

तुमचा धर्मगुरू